सवतीच्या गळ्यातली चांदी

मी चांदी बोलतेय. तोड्यातली नाही, वाळ्यातली नाही, कागदातून काढलेली. कागदात कुठे चांदी असते का, म्हणून तुम्ही हसाल. हसा. वऱ्हाडात सगळेच हसले होते.

दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, तसा अमरावतीत तसबिरी काढणारा पुंजाराम येऊन बसला. त्याने मला तेजाबात विरघळवलं आणि कागदावर चढवलं. ऊन लागलं की मी काळवंडायचे आणि कागदावर माणसाचा चेहरा उमटायचा. खोटं कशाला सांगू, मला त्या कामाचा गर्व होता.

एकदा हिवरखेडचा खुशालराव बायकोला घेऊन आला. शकुन तिचं नाव. लहानपणी ती बैलगाडीवरून पडली होती, तेव्हाची खाच तिच्या डाव्या भुवईत राहिली होती. ती झाकायला तिने पदर पुढे ओढला, तर खुशालरावाने तो हळूच मागे सारला. असं जोडपं मी पुन्हा पाहिलं नाही.

पण पुंजारामचा कागद शिळा होता, उन्हाळ्याने पिवळा पडलेला. चेहरा उमटला तो धुरातून दिसावा तसा. भुवईची खाच तेवढी ठळक होती. पुंजाराम ओशाळला. दिवाळीनंतर या, नवी काढून देतो, म्हणाला. जिच्यावरून तसबीर उतरते ती काच पुसून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला वापरली आणि मला खराब कागदांच्या पेटीत टाकलं.

दिवाळी यायच्या आत गावात पटकी शिरली आणि शकुन गेली.

तिची आई गंगूबाई गाडी जुंपून अमरावतीला आली. "बिघडली त बिघडली," ती म्हणाली. "माह्या पोरीचं तोंड हाय तिच्यात. मले थेच द्या."

पुंजारामने मान खाली घातली. पेटी अकोल्याला देवीदास सोनाराकडे गेली होती, चांदी काढायला. म्हातारीने तशीच गाडी फिरवली.

ती पोचली तेव्हा कागद जळून गेले होते. राख टाकणखारासकट मुशीत वितळवायला घालून देवीदास भाता ओढत होता, आणि तळाशी मी गोळा होऊन बसले होते, स्वच्छ, पांढरी, कोरी. गंगूबाई दुकानाच्या पायरीवर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. आगीत मीही मरून का गेले नाही, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

वर्षाच्या आत खुशालरावाने पार्वताबाईशी लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या बायकोने मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिचा चेहरा उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालायचा, ही रीत. खुशालरावाने तो देवीदासकडे घडवायला दिला, आणि त्याने हाताशी असलेल्या मलाच ठोकून पत्रा केला आणि ठशावर दाबला. त्याच्याकडे बाईचा ठसा एकच होता. अकोल्यात जी बाई मेली, तिला तोच चेहरा मिळाला: वाटोळे डोळे, सरळ भुवया.

मग एकदा गंगूबाई लेकीचा टाक बघायला आली. पार्वताबाई समजूतदार, तिने वाकून गळा पुढे केला. म्हातारीने माझ्या डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हे माही शकुन नोय," ती म्हणाली आणि मला सोडून दिलं.

गंगूबाई, तुमच्या लेकीचा चेहरा माझ्यातच होता. तुमच्या अंगठ्याखाली जी चांदी होती, तीच ती. पण आता माझ्यात त्या चेहऱ्याचं काही उरलेलं नाही. कुणी त्या म्हातारीला हे सांगू नका.