थॉमस स्ट्रीटचे कागद

"बाबा, नीट बघ तरी. हे ऑनलाइनवाले वकील घराच्या कागदांना सहा आठवडे म्हणतायत." लिंडसेने लॅपटॉप बापाकडे वळवला. "आणि त्या डॉड्सबाई काय म्हणाल्या?"

"बारा," मॅटी हेसलप म्हणाला. "लागले तर जास्तही. खोटं सांगणार नाही म्हणाल्या."

"म्हणजे दुप्पट. आणि त्यांच्याकडे काही विचारायचं तर जिना चढून जायचं. इथं रात्री-बेरात्री कधीही उघडून बघ, काम कुठवर आलंय ते दिसतं."

मॅटीने चष्मा कपाळावर सरकवला. त्याला पडद्यावरची अक्षरं वाचता येत होती, पण आपलं घर त्या पडद्यातून कसं येणार हे काही डोळ्यांपुढे येत नव्हतं. डॉड्सबाई निदान दिसत तरी. बाजारचौकातल्या बेकरीच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं वकिलीचं ऑफिस होतं. आधी वडील बसायचे, आता त्या. हेटलबर्न गावातल्या निम्म्या घरांच्या खरेदीचे कागद त्यांच्या हाताखालून गेलेले. फीमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. असता तरी मॅटीने तो बघितला नसता. तो आठवडे मोजत होता.

एकतीस वर्षं तो गावातल्या प्राथमिक शाळेचा केअरटेकर होता. शाळेच्या आवारातलं हे घर नोकरीबरोबर मिळालेलं, निवृत्तीबरोबर जाणारं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण फेब्रुवारीत त्याच्या बायकोला, थेल्माला, पक्षाघाताचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला, आणि हॉस्पिटलने तिला सरळ शुश्रूषागृहात पाठवलं. या घरात झोपायची खोली वर, आणि जिना शिडीसारखा उभा. तिला इथं आणणं शक्यच नव्हतं. थॉमस स्ट्रीटवरच्या चौदा नंबरच्या घरात मात्र खोली आणि न्हाणीघर खालीच होतं. समोर भाजीचे वाफे, पलीकडे मोकळी टेकडी. कालच त्यांची किंमत मान्य झाली होती. आता राहिले होते फक्त कागद.

पायाचं एक वेळ चाललं असतं. डॉक्टर दुसरंच काही सांगत होते. तिच्या डोक्यातून रोज थोडं थोडं निसटत होतं. "जे शिल्लक आहे ते आता आहे, मिस्टर हेसलप," ते म्हणाले होते. "पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही."

"सहावालं टाक," मॅटी म्हणाला.

लिंडसेने बटण दाबलं, आणि संध्याकाळच्या गाडीने लीड्सला निघून गेली. डॉड्सबाईंना फोन करून नाही म्हणायला हवं होतं. मॅटीने दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. मग तो बेकरीत जायचाच थांबला आणि पाव को-ऑपच्या दुकानातून आणू लागला.

सुरुवात तर झकास झाली. पडद्यावर एकेक हिरवी खूण उमटत गेली. ओळख पटली. खाणीचा दाखला आला. गावाखालचा कोळसा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच काढून झालेला, चौदा नंबरच्या खाली पोकळी नाही, असं त्यात लिहिलेलं. मॅटी रोज चार वाजता शुश्रूषागृहात जायचा आणि थेल्माला सगळं सांगायचा.

"म्हणजे घर खाली जाणार नाही?" थेल्मा म्हणाली.

"नाही जाणार."

"माझे वडील त्याच खाणीत होते. त्यांनी नीट काढला असेल कोळसा." ती हसली. मग म्हणाली, "कपाट कुठं ठेवायचं? आईचं?"

"तू सांग."

"खिडकीसमोर नको. खिडकी मोकळी ठेव. मला बाहेर बघायचंय, मॅटी. इथं काय दिसतं, गाड्या लावायची जागा दिसते." तिने त्याची बाही धरली. "कधी नेणार?"

"कागद झाले की लगेच. जूनमध्ये."

पाचव्या आठवड्यात हिरव्या खुणा थांबल्या. मॅटीने ऑनलाइनवाल्यांना फोन केला. वीस मिनिटं फोनवरचं तुणतुणं ऐकल्यावर केरी नावाची मुलगी बोलली. आवाजावरून वेल्सकडची वाटत होती.

"परसाचा घोळ आहे, मिस्टर हेसलप. घराची नोंद आहे, पण मागच्या अंगणाची नाही. कोळशाची कोठडी आणि तिच्यापुढचा पट्टा कुणाच्याच नावावर दिसत नाही. विकणाऱ्यांच्या वकिलांना विचारलंय."

"अगं पोरी, कोठडीत कोळसाच ठेवायचे. दुसऱ्याची कशी असेल?"

"ते मला कळतं हो. पण कागदात नाही ना." मग तिने विचारलं, "घाई आहे का तुम्हाला?"

मॅटी परक्या माणसाशी घरचं बोलत नसे. त्या दिवशी बोलला. थेल्माचं सगळं सांगितलं, कपाटाचं आणि खिडकीचंसुद्धा.

"माझी आजी पण अशाच ठिकाणी आहे," केरी म्हणाली. "मी रोज तुमची फाइल उघडीन. शप्पथ."

आणि तिने ती उघडली असावी, कारण पुढचे दोन आठवडे तिचे रोज निरोप आले. मग येईनासे झाले. मॅटीने विचारलं तर कळलं की केरीने नोकरी सोडली. तिच्याकडे एकशेचाळीस फायली होत्या, असं नवीन मुलगा म्हणाला. नवीन मुलाने पहिल्यापासून सगळं विचारलं: घर कुठलं, नंबर काय, घाई आहे का. जुलैत आणखी एक जण आला. त्यालाही मॅटीने सांगितलं, पण कपाटाचं आणि खिडकीचं नाही सांगितलं.

जून गेला. शाळा सुटली, मॅटी निवृत्त झाला. मुलांनी त्याला रंगीत कागदाचा मुकुट घातला आणि मुख्याध्यापिकेने ऑक्टोबरपर्यंत घरात राहायची परवानगी दिली. त्यानंतर रोज दुपारी तो थॉमस स्ट्रीटवर चक्कर मारू लागला. घर रिकामंच होतं. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहायचा, पाच मिनिटं, जास्त नाही. खिडकीच्या चौकटीला रंग लागेल, निळा की पांढरा. उंबरा एका बाजूने खाली गेलाय, तिथं थेल्माच्या चाकांच्या खुर्चीसाठी फळी टाकावी लागेल. मग भाजीच्या वाफ्यांतल्या माणसांना उगीच शंका नको म्हणून तो चालू लागायचा.

तिथून शुश्रूषागृह. थेल्मा अजून ऐकायची, पण गोष्ट ऐकावी तशी.

"खिडकीतून काय दिसतं म्हणालास?"

"कांद्याचे वाफे. त्यामागे टेकडी. टेकडीवर दोन घोडे असतात, एक पांढरा."

"छान आहे," ती म्हणायची. ऑगस्टमध्ये एकदा तिने विचारलं, "कोण राहतं तिथं?"

"आपण राहणार आहोत."

"हो का?" तिचा चेहरा असा उजळला की मॅटीला बघवेना. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं, आणि तो पुन्हा म्हणाला, आपण राहणार आहोत. ती पुन्हा तितकीच हरखली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो बेकरीवरचा जिना चढला.

एलिनॉर डॉड्स साठीच्या होत्या, केस आखूड, टेबलावर अर्धा खाल्लेला सँडविच. त्यांनी तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"बसा, मिस्टर हेसलप. पाव बंद केलात वाटतं आमच्या खालचा?"

मॅटीचे कान तापले. "तुम्हाला सांगायला यायला हवं होतं, बाई."

"एवढं काही नाही. अर्धं गाव आता त्या ऑनलाइनवाल्यांकडेच जातं. कुठं अडलंय?"

त्याने सांगितलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"परसातला पट्टा. त्या अख्ख्या ओळीचं तसंच आहे. खाण कंपनीने घरं विकली तेव्हा परसं लिहायला विसरले. माझ्या वडिलांनी बारा नंबरचं केलं, मी वीसचं केलं. शेजारचं कुणी जुनं माणूस शपथेवर सांगतं की हा पट्टा कायम घराबरोबरच वापरात होता. तेवढ्याने भागतं." त्यांनी डोळे उघडले. "सोळामध्ये आयझा टुलिप आहे अजून?"

"एकोणनव्वदची आहे. कालच भिंतीवरून माझ्यावर ओरडली, रोज काय चोरासारखा बघतोस म्हणून."

"मग डोकं ठिकाणावर आहे. तुमची फाइल माझ्याकडे नाही, मी ती हातात घेऊ शकत नाही. पण आयझाचं लिहून घेते आणि विकणाऱ्यांच्या वकिलांना पाठवते. तुमच्या त्या ऑनलाइनवाल्या मुलांना एवढंच सांगा की ते मागून घ्या."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः आल्या आणि आयझाच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसल्या. आयझाने चहा दिला आणि बोलत सुटली.

"एकोणीसशे बावन्नपासून बघतेय मी. चौदाची प्रत्येक बाई त्या परसात कपडे वाळत घालायची. माझ्या धुण्यावर त्यांच्या कोळशाची धूळ यायची. त्या पट्ट्यावरून मी तीन पिढ्यांशी भांडलेय. आता तुम्ही म्हणता तो कुणाचाच नव्हता?"

"हेच लिहू या," बाई म्हणाल्या. "भांडणाचं सोडून."

"भांडणाचं राहू दे. तोच तर पुरावा."

आयझाने पूर्ण नावाने सही केली. जिन्यापर्यंत बाईंना सोडायला मॅटी चौकात गेला. तिथं त्याने विचारलं.

"बाई, एप्रिलमध्ये तुमच्याकडे आलो असतो तर?"

एलिनॉर डॉड्स पायरीवर थांबल्या. सोपं उत्तर त्यांच्यापाशी होतं, पण ते त्यांनी दिलं नाही.

"पट्ट्याचं पहिल्याच आठवड्यात ओळखलं असतं मी. जुलैच्या सुरुवातीला किल्ली मिळाली असती, बहुतेक. किंवा समोरचा वकील महिनाभर सुट्टीवर गेला असता, तर नसतीही मिळाली." त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही घाई केलीत ती तिच्यासाठी केलीत. तुमच्या जागी मीही सहाच निवडले असते."

मॅटीने मान हलवली आणि बेकरीतून दोन मोठे पाव घेतले, एक आयझासाठी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी घर त्याच्या नावावर झालं. लिंडसे रजा काढून आली. दोघांनी तीन दिवसांत खिडकीला पांढरा रंग दिला, उंबऱ्यावर फळी बसवली, थेल्माच्या आईचं कपाट भिंतीला लावलं. खालच्या खोलीत पलंग आला. सोमवारी मॅटी शुश्रूषागृहाच्या मुख्य नर्सपुढे जाऊन बसला. तिचं नाव जोन रॉबसन. शाळेत असताना तिने फोडलेली काच त्यानेच बसवली होती.

"मिस्टर हेसलप," जोन म्हणाली, "तिला उचलायला आता दोन माणसं लागतात. रात्री ती उठते, पडते. तुम्ही एकटे आहात. मी तिला सोडलं तर आठवड्यात हॉस्पिटलमध्ये जाईल."

"जुलैमध्ये जमलं असतं?"

जोनने टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "रविवारी नेऊ शकता," ती म्हणाली. "दुपारपुरतं. मी गाडी देते, माणूस देते."

म्हणून रविवारी थेल्मा आली. निळा कोट, केस जोनने विंचरलेले. फळीवरून खुर्ची अलगद आत गेली. सोबत आलेला माणूस बाहेर गाडीत पेपर वाचत बसला. मॅटीने तिला खिडकीपाशी नेलं आणि खुर्चीची चाकं अडवली.

टेकडीवर एकच घोडा होता, पांढरा. थेल्मा खूप वेळ बघत राहिली. मॅटीने चहा आणला, पावावर लोणी लावून तुकडे करून दिले. तिने ते सगळे खाल्ले. शुश्रूषागृहात ती निम्मं ताटात टाकायची.

"किती उजेड आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"आणि कपाट बघ. माझ्या आईचं होतं तसलंच." तिने हात पुढे करून त्याच्या दारावर बोटं फिरवली. "नीट पुसलेलं आहे. घरातली बाई चांगली दिसते. कुठं गेलीय ती?"

मॅटीने कप खाली ठेवला.

"येईल," तो म्हणाला.

"तिला सांग हां, मला फार आवडलं. विसरू नकोस."

"सांगतो."

बाहेर ऊन टेकडीवर सरकत गेलं. आयझा भिंतीपलीकडून डोकावली, काही ओरडायच्या बेतात होती, मग तिने नुसता हात वर केला आणि आत गेली. थेल्माने तिलाही हात केला. मग ती अस्वस्थ झाली, कोटाचं बटण चाचपू लागली.

"निघू या, मॅटी. आपण फार वेळ बसलो. त्यांची जेवायची वेळ झाली असेल."

"थोडं थांबू या की."

"नको. बरं दिसत नाही."

त्याने तिच्या कोटाची वरची दोन बटणं लावली. कप धुऊन पालथे घातले, पावाचे कण टेबलावरून हातात गोळा केले. मग खुर्ची फळीवरून बाहेर काढली आणि दार ओढून घेतलं.

"दार नीट लाव," थेल्मा म्हणाली. "लोकांचं घर आहे."

मॅटीने किल्ली फिरवली, मूठ धरून दार एकदा ओढून पाहिलं, तिला दिसावं म्हणून पुन्हा एकदा ओढलं, आणि खुर्ची गाडीकडे ढकलू लागला.