भांगाची अष्टमी

पुण्याला समुद्र नाही. तरी खराडीत दर पावसाळ्यात समुद्र वाचवायची लाट येते. नफ्यातला थोडा वाटा समाजावर खर्च करा असं कायद्यानं सांगितल्यापासून आयटीवाल्यांना झाडं लावायची असतात, शक्यतो फोटोत चिखल दिसेल अशी. आमची संस्था ती सोय करते. मी प्रियदर्शनी तायडे, तिथली प्रकल्प अधिकारी. वारज्याहून दोन बस बदलून खराडीला यायचं आणि रायगडातल्या एका खाडीचं तुटलेलं कांदळवन पुन्हा उभं करायचं, हे माझं काम.

ऑगस्टमध्ये आम्ही पंधराशे शेंगा लावल्या. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याची शेवग्यासारखी लांब शेंग होते. ती चिखलात खोचायची. ऑक्टोबरात मोजायला गेले तेव्हा एकशे बारा उभ्या होत्या.

अहवालात "कारण" असा एक रकाना असतो.

"वादळी हवामान लिहा," आमचे संचालक अनिरुद्ध सर म्हणाले.

"वादळ आलं नव्हतं, सर."

"हवामान तर होतं ना?" मग चष्मा पुसत म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात पाच हजार शेंगा आहेत. तो टप्पा गेला तर तुमची खुर्चीही जाईल. आपण सुज्ञ आहात."

कारण मला माहीत होतं. कारण मीच होते.

जुलैत कोंडीरामचा फोन आला होता. खाडीकाठी राहतो, आमची शेंगांची रोपवाटिका सांभाळतो. मी त्याला लागवडीचा शनिवार सांगितला. तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी तिथी कोणती?"

"तिथीबिथी आपण बघत नाही, कोंडीराम. तारीख दिली ती दिली."

तो "बरं" म्हणाला आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. अकोल्याला परत आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पंचांग चुलीत घातलं. आमच्या घरात मुहूर्त पाहून लग्न झालं नाही, वार पाहून कोणी नखं काढली नाहीत. ऑफिसात प्रत्येक प्रकल्पाआधी सत्यनारायण होतो, तेव्हा मी बाहेर फायली लावत बसते. एकदा सरांनी विचारलं होतं, "आपण नास्तिक का?"

"नाही, बौद्ध."

"तेच ते," ते म्हणाले आणि प्रसाद घ्यायला गेले.

अशा जागी कोणी तिथी विचारली की माझं डोकं फिरतं. त्या दिवशीही फिरलं.

भरतीचा तक्ता नेटवर मिळतो. मी तो पाहिला होता. ओहोटी सकाळी साडेसातची होती. बस थोडी उशिरा पोचेल, म्हटलं, चालेल. पाणी किती चढणार तेही लिहिलं होतं, पण त्या आकड्याचा अर्थ कळण्याइतकी मी चिखलात राहिले नव्हते. बस पोचली साडेदहाला. अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते. साठ संगणकवाल्यांनी चढत्या पाण्यात घाईघाईनं शेंगा खोचल्या, काहींनी उलट्या खोचल्या, फोटो काढले आणि जेवायला गेले. दुपारी दीडपर्यंत सगळं पाण्याखाली. पुढचे दोन दिवस उधाण होतं.

ऑक्टोबरात रिकाम्या चिखलात उभं राहून मी कोंडीरामला म्हटलं, "तेव्हाच सांगायचं ना."

"सांगतच होतो की. तिथी काय लग्न काढायला विचारली?" तो हसला नाही. "अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी शेंग उपटून नेतं. अष्टमीला भांग, पाणी बेतानं चढतं. आणि तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे भर दुपारी बाराला चिखल मोकळा. तुमची बस आरामात पोचते."

"आमच्या घरात तिथी पाळत नाहीत," मी म्हटलं. मलाच ते पोरकट वाटलं.

त्यानं मागे हात केला. त्याच्या घरावर पंचशील ध्वज होता, पावसानं रंग उतरलेला. मी तीनदा त्या घरी चहा प्यायले होते.

"आम्ही तरी कोण, ताई? पौर्णिमेला विहारात जाता ना? चंद्र तोच."

मी अहवाल पुढ्यात ओढला.

रकान्यात मी लिहिलं: "तारीख चुकीची. ती मी ठरवली. स्थानिक माणसानं तिथी विचारली होती, मी बघायला नकार दिला. पुढची लागवड अष्टमीला करावी."

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं त्याचीच मला भीती होती.

"शेवटी पंचांगावर आलात तर."

"भरतीवर आले, सर."

"भरती आपल्याकडे एचआर बघतं. तुमच्या जागेचीही तेच बघतील." त्यांनी कागद बाजूला सरकवला. "वादळी हवामान. उद्यापर्यंत."

मी अहवाल होता तसा पैसे देणाऱ्या कंपनीला पाठवला, माझ्या नावानं.

जानेवारीत कंपनीचं उत्तर आलं. प्रामाणिकपणा आवडला, दुसरा टप्पा करू. मात्र शनिवारच हवा, इतर वारी कर्मचारी मोकळे नसतात. त्याच दिवशी सरांनी प्रकल्प माझ्या सहकारी अक्षताकडे दिला आणि मला वाघोलीच्या रस्त्यावर दुभाजकात कण्हेर लावायचं काम दिलं. खुर्ची राहिली, खाडी गेली.

अक्षता माझ्या टेबलाशी आली. "प्रियदर्शनी, अष्टमी आणि शनिवार एकत्र कधी येतात गं? मला यातलं काहीच कळत नाही."

"उद्या सांगते."

घरी आईच्या खोलीत विहारातून मिळालेलं नवीन कॅलेंडर होतं. पौर्णिमेला निळं वर्तुळ, अमावस्येला काळं आणि अष्टम्यांना निळे ठिपके. वर्षावासात आई त्या ठिपक्यांना पांढरी साडी नेसून विहारात अष्टशील घेते. माझ्या जन्माआधीपासून हे ठिपके आमच्या भिंतीवर आहेत. मी त्यांना कधी तिथी म्हटलं नव्हतं.

सप्टेंबरात एक ठिपका शनिवारी आला होता. मी पेननं त्याला गोल केला.

आई चष्मा लावून जवळ आली. "या अष्टमीला तू पण येणार विहारात?"

"नाही गं. बारा वाजता ओहोटी आहे."

"वारज्यात?" आई म्हणाली.