टाकीखालची ग्रामसभा

गाव जंगलाबाहेर हलवायचं की नाही, हे ठरवायला ग्रामसभा बोलावली होती. पण अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात गेलेलं. "जे इथी नाईत त्यायनं काऊन बोलू नये?" असं मयुरीनं विचारलं, तेव्हा सभेचे अध्यक्ष सोमाजीभाऊ म्हणाले, "फोनवरून बोलू दे त्यायले. पण ते तूच जमव."

मयुरीला तेच हवं होतं. तिचे बाबा, धनराज, मिरचीवर गेले होते. गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना तिची आई कमळा वाघाच्या हल्ल्यात गेली. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत बाबा उभे राहून एकच सांगायचे, "माही बाई या मातीत गेली. मी इथून हलत नाई." मयुरीलाही हलायचं नव्हतं. परसदारच्या भिंतीवर आईच्या सारवणाची बोटं उमटलेली होती; ती भिंत मयुरीनं अजून सारवली नव्हती.

समाजमंदिरात रेंज नव्हती. ती फक्त पाण्याच्या टाकीखाली यायची, म्हणून सतरंज्या तिथं आणल्या. भजन मंडळाचा माइक आणि स्पीकर आणला. त्याची वायर मयुरीच्या फोनमध्ये घातली, तर स्पीकर असा चिरकला की बायांनी कान झाकले. तिनं तो फोनपासून लांब, चिंचेकडे सरकवला. मग मिरचीच्या शेतांवरच्या मजुरांच्या टोळ्यांना एकेक करून फोन लावले आणि सगळे एकात जोडले. पलीकडे वारा, ट्रॅक्टर, कुणाचं तरी रडणारं लेकरू, सगळं एकदम ऐकू येऊ लागलं.

"ज्याले बोलाचं नाई त्यानं आपला आवाज बंद ठेवा जी!" मयुरी ओरडली. "नाव घेतलं का मंगच बोला."

टाकीखालची मतं आधी घेतली. होकार आणि नकार जवळपास सारखेच निघाले. मग सोमाजीभाऊ माइकवर म्हणाले, "धनराज, बोल गा. गाव हलवाचं का नाई?"

स्पीकरमधून नुसती खरखर आली. मयुरीनं वायर काढली, बाकीच्या टोळ्यांना होल्डवर टाकून एकट्या बाबांची लाईन घेतली आणि फोन कानाला लावला.

"बाबा, मी हावो. सांगा."

"हो म्हण त्यायले," बाबा म्हणाले. "हलवा म्हणा गाव."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणता?"

"हो म्हणून राह्यलो, पोरी. होकार."

सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं. सोमाजीभाऊंनी विचारलं, "काय म्हणते धनराज?"

बाबांचा शब्द तिच्याशिवाय कुणालाच ऐकू आला नव्हता. नकार सांगितला असता तरी सगळ्यांनी मानला असता; धनराजकडून दुसरी अपेक्षाच नव्हती कुणाची. तिनं सोमाजीभाऊंकडून माइक घेतला.

"हो म्हणते बाबा," ती म्हणाली. "हलवा म्हणते."

मागच्या बायांत कुजबूज झाली. मयुरीनं खाली बसून वायर नीट बसवली, सगळ्या टोळ्यांना परत जोडून बाबांचं मत सांगितलं, तसे आवाज परत आले. धनराजनंच होकार दिला म्हटल्यावर पलीकडच्या टोळ्यांतही कुणी अडलं नाही. ठराव झाला. लोक सतरंज्या झटकून घरी गेले.

मयुरीनं बाबांना पुन्हा फोन लावला.

"काऊन बाबा? तुमीच त नाई म्हणत होते."

तिकडे कुणीतरी त्यांना कामावर हाक मारत होतं.

"तुले रोज फोन लावतो," ते म्हणाले. "तू उचलत नाई तवा मले काय काय दिसते, तुले का सांगू? त्या दिवशी तुही आई अशीच घरी आली नाई. आता तू सरपणाले जाते, मी इथी मिरची तोडतो अन् हात चालत नाई माहे."

"पण आई..."

"तिले सोडूनच जावं लागन, पोरी." त्यांचा आवाज फुटला. "मले का वाटत नाई? पण तुले नाई सोडत मी तिथी."

मयुरी टाकीच्या खांबाला टेकून बसली. तिला रडू आवरेना, आणि पलीकडे बाबाही रडत होते. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.