उघड्या बाज्यावरच्या अक्षता

मी बाजा बोलतोय. माधव नगरातल्या घरी मला पेटी म्हणायचे. इथं शिप्रेकाठच्या वस्तीत आलो आणि बाजा झालो. असू दे, म्हाताऱ्याला बाजाच शोभतं. लिहिता-वाचता मला येत नाही, सूर तेवढे येतात. म्हणून सावकाश सांगतो.

अंग माझं सागवानी. माझा मालक यज्ञेश्वर, त्याच्या वडिलांनी मला हौसेनं घेतलं. गणपतीत आरत्या माझ्याच जोरावर चालायच्या. मग ते गेले, आणि माझ्यावर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर मोबाइलचा चार्जर. माणसं अशीच. वाजवायचं सोडतात, पण पुसत राहतात.

बँकेतून रिटायर झाल्यावर यज्ञेश्वरला काय सुचलं कोण जाणे. मला स्कूटरवर बांधून वस्तीतल्या मोहल्ल्याच्या खोलीत घेऊन आला. दर रविवारी पोरांना गाणं शिकवणार, तेही फुकट.

"अहो, फुकटची कोणाला किंमत नसते," मीना, त्याची बायको, म्हणाली. "पेटी गेली समजा."

खरं सांगू? मलाही तेच वाटलं होतं.

वस्तीला मात्र वेगळाच वास आला. "मुफ्त में? चुनाव आ रहे होंगे," पानवाला म्हणाला. आणि शेजारच्या कुसुमला तर सगळ्यांहून जास्त संशय. ती राम घाटावर फुलांच्या माळा विकते. मागं कोणी मंडळी आली होती, पोरांना दप्तरं वाटून, फोटो काढून गेली. पुढं तिच्या लेकीचा, रानूचा फोटो टावर चौकात भल्यामोठ्या बोर्डावर लागला, खाली लिहिलेलं, 'अनाथ'. आई घाटावर जिवंत बसलेली!

"साहब, फोटू नहीं खिंचेगा," कुसुमनं पहिल्याच दिवशी बजावलं. "और चाबी हमारे पास रहेगी."

"राहू द्या बाई," यज्ञेश्वर म्हणाला. पण जाताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं त्यानं. मी बघत होतो.

कुसुम उंबऱ्यात बसायची, तोंड आत करून. हात माळ ओवायचे, डोळे साहेबावर. रानू माझ्यासमोर बसायची. शाळेत ती तोंड उघडत नाही म्हणे; माझ्यापाशी मात्र गळा मोकळा सोडायची. हातांना पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याचा वास, सकाळचे पोहे खाऊन तशीच यायची. या हातांवर किती भरवसा ठेवायचा, मी मनात म्हणायचो. पण तिनं सूर धरला की भाता जरा जास्तच फुलायचा माझा.

मग दसरा आला. सकाळी कुलूप वाजलं. कुसुम एकटीच आत आली आणि तिनं माझं झाकण उघडलं. झालं, मी म्हटलं, आता भंगारवाला. डोळे मिटले. अंगावर काहीतरी पडलं, ओलं, थंड. झाकण पुन्हा बंद.

रविवारी यज्ञेश्वरनं भाता मारला आणि मी ओरडायलाच लागलो. कोणी बोट लावलं नाही, तरी एक सूर थांबेना.

त्याचा चेहरा बदलला. "पेटीला कोणी हात लावला? किल्ली कोणाकडे असते?"

"हमारे पास. सीधे बोलो ना, चोर हैं हम."

"मी कुठं म्हटलं तसं?"

"आपकी आँख बोल रही है, साहब."

"बस झालं. आजपासून क्लास बंद. पेटी घरी नेतो."

रानूनं माझी कडी धरली. सोडेचना. आज मी गेलो तर हिचा गळा पुन्हा मिटणार, हे मला कळत होतं. पण बाज्याला तोंड असलं तरी बोट दुसऱ्याचंच लागतं.

न्यायच्या आधी ओरडणं तरी थांबावं म्हणून त्यानं माझी वरची फळी उचलली. पट्ट्यांच्या फटीत तांदूळ. कुंकवानं लाल झालेले. एक दाणा पट्टीला दाबून बसलेला. शेजारी झेंडूची पाकळी.

"हे काय?"

"दशहरा था," कुसुम म्हणाली. "हमने कैंची पूजी, सुई पूजी. छोरी की विद्या इसमें है. इसको कौन पूजता?"

"अहो, पण अक्षता आत का टाकल्या? झाकणावर टिळा लावायचा."

"बंद किवाड़ की पूजा होती है क्या?"

यज्ञेश्वर तसाच बसला, दाणा तळहातावर घेऊन. खंडेनवमीला त्याच्या घरात माझ्यावर फूल चुकलं नव्हतं कधी. या वर्षी चुकलं होतं. त्याच्याकडून.

"मग, बंद?" रानूनं विचारलं. पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय बोलली.

"किल्ली तुझ्या आईकडे आहे," तो म्हणाला. "तिलाच विचार."

कुसुम उंबऱ्यात बसली आणि फुलांची टोपली पुढ्यात ओढली.

आता वय झालंय माझं. भात्याला ठिगळ आहे, आणि एक दाणा अजून आत कुठंतरी खुळखुळतो. यज्ञेश्वरला ऐकू येतो. काढत मात्र नाही. मीना अजून म्हणते, पेटी गेली समजा. वस्ती अजून विचारते, साहब को मिलता क्या है? संशय असा एका दसऱ्यात जात नाही, आणि जाऊही नये. पोरी जपायच्या असतात.

कुसुम अजूनही उंबऱ्यातच बसते. फक्त आता पाठ आमच्याकडे असते, तोंड रस्त्याकडे. कोण येतंय, कोणाच्या हातात मोबाइल आहे, ते बघत.

एवढंच मागणं आहे, बाई. येत्या दसऱ्यालाही झाकण उघडूनच पूजा कर. फूल वाहा, टिळा लाव. तांदूळ तेवढे रानूच्या हातावर दे.