सॅम्पल फ्लॅटमधला फ्रीज

मी फ्रीज बोलतोय. गार नसलो म्हणून काय झालं, फ्रीजच आहे. आणि इतकी वर्षं नुसता उभा राहून जे बघितलं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. दोन दारांचा, चंदेरी, दिसायला चांगला. माझे भाऊबंद कुणी हॉटेलात गेले, कुणी लग्नाच्या आहेरात गेले. मला गोव्यात, पेडण्याला, विमानतळाच्या रस्त्याला नव्या इमारती उठत होत्या तिथे उतरवलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं केलं. सॅम्पल फ्लॅट म्हणजे गिरायकाला दाखवायचं घर. इथे केळी प्लास्टिकची, पुस्तकं नुसती पुठ्ठ्याची आणि नळाला पाणी नाही. रिकामा फ्रीज चालवून बिल कोण भरणार, असं साईश म्हणाला आणि मला बंदच ठेवलं. साईश म्हणजे इथला विक्रीचा साहेब, वयाने लहान, बोलायला गोड.

घर बघायला येणारी माणसं मजेशीर वागतात. खिडकीला इथे जनेल म्हणतात, ते आधी उघडतात. मग भिंतीवर बोटाने टकटक करतात. बायका ओट्याशी उभ्या राहून उंची बघतात. कपाटं तर सगळेच उघडतात, पण मला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याचा फ्रीज उघडू नये, असं त्यांना वाटत असावं.

म्हणूनच कृष्णनाथला मी सोयीचा वाटलो. हा आमोणे गावचा. मांडवी नदीत खनिज वाहणारी बार्ज चालवायचा, तांडेल होता. खाणींचं काम बसलं, मालकाने बार्ज भंगारात काढली, आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस भाच्याच्या ओळखीने इथे फ्लॅट विकायला आला. गळ्यात टाय अडकवला. 'मॉड्युलर किचन', 'क्रॉस व्हेंटिलेशन' हे शब्द त्याने पाठ केले आणि पाठ केल्यासारखेच तो ते म्हणायचा. खरं सांगू? मला तो आवडला नव्हता. हसणं नाही, चिडणं नाही. एकदा साईशने लोकांसमोर त्याला झापलं, तर हा "हो सर" म्हणून शांतपणे पुढच्या गिरायकाला पाणी द्यायला गेला. फ्लॅट विकला गेला की फक्त म्हणायचा, "धक्क्याला लागला." बार्जवरचं जुनं असं तेवढंच त्याच्याजवळ उरलं होतं.

राहायचा इमारतीमागच्या पत्र्याच्या खोलीत, बांधकामाच्या माणसांबरोबर. तिथे सगळीकडे सिमेंटची धूळ. मग इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिश केलेले बूट, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली, सगळं तो माझ्यात ठेवू लागला. भाजीच्या कप्प्यात बूट! माझा जन्म काही ह्यासाठी झाला नव्हता. पण रिकामं राहण्यापेक्षा बरं, म्हणून मी सोसलं.

संध्याकाळी तो बायकोला, प्रभावतीला, व्हिडिओ कॉल करायचा. मागच्या खोलीत गलका फार, म्हणून इथे येऊन करायचा. पहिल्याच दिवशी तिने पडदे बघितले, मला बघितलं आणि म्हणाली, कंपनीने जागा बरी दिलेली दिसते. कृष्णनाथने हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मग ती रोज विचारू लागली, बाल्कनीत तुळस राहील का, बाजार किती लांब आहे. गावात ती बायकांच्या गटात शाळेच्या पोरांसाठी भाजीपाव करायची. एक दिवस म्हणाली, गटात सांगून टाकलंय, शाळा सुरू झाली की माझ्या जागी दुसरी बघा, मी पेडण्याला राहायला जाते. अरे, आता तरी सांग बाबा, असं मी मनात ओरडत होतो. तो म्हणाला, "बरं."

मे महिन्यातल्या एका दुपारी ती न कळवता आली. बस बदलत बदलत, हातात माशांच्या आमटीचा डबा घेऊन. कृष्णनाथ एकटाच होता. ती घामाने निथळत होती, पण चेहरा नुसता फुलला होता. बांगड्यांचं हुमण आणलंय, आंबायच्या आधी आत ठेवते, म्हणाली. त्याने पाऊल उचलायच्या आत तिने माझं दार उघडलं.

आत दिवा लागला नाही. तिने हात घालून बघितला. बूट दिसले, टाय दिसला, तेलाची बाटली दिसली. डबा हातात होता तो तिने बुटांच्या वरच्या फळीवर ठेवला आणि दार लावलं. मग नळ सोडून बघितला. टेबलावरचं केळं उचललं आणि परत ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात साईश एका नवरा-बायकोला घर दाखवायला घेऊन आत आला. ह्या कोण, त्याने विचारलं.

"गिरायक, सर," कृष्णनाथ म्हणाला. "साखळी गावच्या."

लग्नाच्या बायकोला गिरायक! मी बघतच राहिलो. ती पदर सारखा करून खुर्चीवर बसली, गिरायकं बसतात तशी. साईश गोड आवाजात म्हणाला, मॅडम, काय शंका असतील त्या विचारा, आमचा माणूस सगळं सांगेल.

"तुम्ही राहता खंय?" तिने कृष्णनाथला विचारलं.

"मागे. पत्र्याची खोली आहे. सहा जण राहतो. पाणी टँकरचं." क्रॉस व्हेंटिलेशन सांगायचा, त्याच आवाजात त्याने सांगितलं.

"बायकोक हें सांगलां?"

"नाही. रोज सांगायचं ठरवायचो."

साईशचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने त्या नवरा-बायकोला घाईघाईने बाल्कनीकडे नेलं. प्रभावती उठली.

"मला ती खोली दाखवा," ती म्हणाली.

दोघं मागे गेली. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. संध्याकाळच्या बसने ती गावी परतली. तिची गटातली जागा अजून कुणाला दिली नव्हती, ती तिने परत मागून घेतली, असं नंतर कृष्णनाथ साईशला सांगत होता. साईश म्हणाला, अहो, मला तरी आधी सांगायचं. त्यावर तो "हो सर" म्हणाला.

डबा माझ्यातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार उघडलं तेव्हा आंबूस वास घरभर पसरला. माझ्या पोटात आलेलं पहिलं अन्न, आणि ते मी नासवलं. वाटलं, आता हा ओतून देणार. पण तो माझ्यासमोर फरशीवर बसला आणि हाताने खाऊ लागला. तोंड वाकडं न करता त्याने सगळं संपवलं. काटे झाकणात काढून ठेवले. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, बूट घातले, टाय बांधला आणि गिरायक आणायला खाली गेला.

आता तो बायकोला फोन इथून करत नाही. मागच्या खोलीतून करतो. गलक्यात तिला ऐकू जातं की नाही, कोण जाणे.

बाकीचे फ्लॅट संपत आलेत. एक दिवस हाही विकला जाईल, सामानासकट, माझ्यासकट. घेणाऱ्यांनो, माझं एकच मागणं आहे. पहिल्या रात्री माझ्यात थोडं हुमण ठेवा. मला ते एकदा सकाळपर्यंत सांभाळून बघायचंय.