बदली पेशंट

दरवर्षी मानसिक आरोग्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेला शिवदासकाका उदास व्हायचे. एरवी ते अलिबागजवळच्या त्या नर्सिंग कॉलेजचे शिपाई. परीक्षेच्या दिवशी मात्र खाकी शर्ट उतरवून पेशंट म्हणून खाटेवर बसायचे आणि तिसऱ्या वर्षाची मुलं एकेक येऊन त्यांना प्रश्न विचारायची. काकांना झोप लागत नसे, जेवण जात नसे आणि त्यांची बायको रुसून माहेरी गेलेली असे. खरी काकू मागच्या गल्लीत खानावळ चालवायची आणि दुपारी त्यांना पोटभर वाढायची, ते सोडा. उत्तरं वर्षानुवर्षं तीच. त्यामुळे पेशंटला समजून घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे, मुलं काकांनाच पाठ करत.

यंदा काका पुतणीच्या लग्नाला उरणला गेले आणि प्रज्ञा मॅडमनी चौथ्या वर्षाच्या तेजस्वीला धरलं.

"पेशंट हो. नर्सिंगची विद्यार्थिनी, अभ्यासाचा ताण. तुला काय, नाटकं येतातच."

येत होतीच. वॉर्डनच्या चालण्यापासून प्राचार्यांच्या खोकल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला तिच्या खिशात असत. मागच्या महिन्यात तिने मेसमध्ये सांगितलं, "अगं, माझी छाती धडधडते, रात्रभर डोळा लागत नाही," तर पोरींनी हसून हसून ताटं बाजूला सारली आणि म्हणाल्या, अजून एकदा कर. तिने अजून एकदा केलं. करणार काय?

धडधडीचं कारण होतं केटी, म्हणजे मागे राहिलेला विषय. तिसऱ्या वर्षाला बालरोगाच्या पेपरात ती नापास झाली होती आणि घरी मात्र 'पास' म्हणून सांगून बसली होती. त्या एका शब्दावर तिच्या वडिलांनी, रावजींनी, माणगावजवळच्या आपल्या वाडीत घरोघर पेढे वाटले. भाताच्या गिरणीवर कामाला होते, तिथे येणाऱ्या प्रत्येकाला 'आमची बाय सिस्टर झालीच म्हनून समजा' असं ऐकवून मगच ते भात भरडायला घेत. आता केटीची परीक्षा तोंडावर आली होती. वडिलांना खरं सांगायचं, एवढं एकच काम होतं आणि ते सोडून तेजस्वी जगातली सगळी कामं करत होती. हे पेशंटचं त्यातलंच.

पडद्याआड मॅडम मार्कांचा कागद घेऊन बसल्या. पहिली आली किशोरी, तिसऱ्या वर्षाची पहिला नंबर न सोडणारी मुलगी.

"नमस्कार. तुम्हाला झोप कशी लागते?"

"मस्त. लेक्चरला तर फारच."

किशोरी गडबडली. काका असं कधी म्हणाले नव्हते. पण थांबेल ती किशोरी कसली.

"मी तुमची अडचण समजू शकते. जेवण जातं?"

"दोन वेळा मागून घेते."

"मी तुमची अडचण समजू शकते. बायको माहेरून आली का परत?"

पडद्याआड मॅडमना ठसका लागला. तेजस्वीने मान खाली घातली, हसू दाबायला दुसरी सोय नव्हती.

"नाही आली," ती म्हणाली. "तिचीच वाट बघतेय."

"मी समजू शकते," असं म्हणून किशोरी घाम पुसत बाहेर पडली. या वाक्याला दोन मार्क होते. पेशंटबद्दल सहानुभूती दाखवली का, असा रकानाच होता मॅडमच्या कागदावर, आणि पोरांनी तो वाक्यासकट घोटला होता.

बाहेर बातमी फुटली: काका नाहीत, पोरगी आहे, जेवते, झोपते. पुढची मुलं ही नवी उत्तरं पाठ करून आली. मग तेजस्वीला चेव चढला. तिने एकाला सांगितलं झोप अजिबात नाही, दुसरीला सांगितलं मला स्टेथोस्कोप सापासारखा दिसतो, तिसऱ्याचा तर हात धरून विचारलं, तूच का तो मला पळवून नेणारा? तो बिचारा म्हणाला, "मी तुमची अडचण समजू शकतो," आणि पळाला.

दुपारपर्यंत थापा संपल्या. एका मुलीने विचारलं, छाती धडधडते का, आणि ऐनवेळी काही सुचेना म्हणून तेजस्वी खरं बोलून गेली.

"धडधडते. मी नापास झालेय आणि घरी खोटं सांगितलंय."

"मी तुमची अडचण समजू शकते," मुलगी म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

म्हणजे इथे खरं बोलायची काहीच किंमत पडत नव्हती. पुढच्या सगळ्यांना तिने खरंच सांगितलं, तेच वाक्य परत परत ऐकलं, आणि पहिल्यांदा गंमत वाटली तरी नंतर तिला फार एकटं वाटायला लागलं.

शेवटचा सुजित, थळ गावचा. आला तोच पांढराफटक. आपल्याच एप्रनवरचा बिल्ला बघून त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढचं सगळं विसरला. तेजस्वीला दया आली.

"झोपेचं विचार," ती कुजबुजली.

"लागतच नाही."

"अरे, तुझी नाही, माझी विचार. मग जेवणाचं."

"सकाळीच उलटी झाली," सुजित म्हणाला.

ती हसली. मग पेशंटनेच चौकशी सुरू केली. "घरी माहीत आहे?"

"आईला फोन लावला. बोलता काही आलं नाही, नुसता रडलो. ती बोलली, परीक्षा दे नायतर नको देऊ, घरी ये, बोंबील तळते." त्याने नाक पुसलं. तिचं नापासाचं बाहेर सगळ्यांना कळलंच होतं. "तुम्ही सांगितलं घरी?"

"मी पेशंट आहे बाळा. माझं सगळं खोटं."

काय करावं सुचलं नाही की नर्सिंगचा माणूस जे करतो ते सुजितने केलं, तिचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत बसला. दिवसभरात कोणी तिला हात लावला नव्हता. मानसिक आरोग्यात नाडीला मार्क नसतात.

"एकशे अठरा," तो म्हणाला. "बसल्या बसल्या. ताई, हे कोणाला नाटकात करता येत नाही."

तेजस्वीने काहीतरी विनोदी बोलायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. पडदा सरकवून प्रज्ञा मॅडम बाहेर आल्या. त्यांनी आधी कागदावर पेनाने नाडीचा एक नवा रकाना आखून सुजितला मार्क दिले, मग आपला फोन तेजस्वीपुढे धरला.

"परीक्षेत फोन चालत नाही," त्या म्हणाल्या. "पेशंटला चालतो. नंबर सांग."

पलीकडे गिरणी घरघरत होती.

"आबा, मी पास न्हाय झाले. नापास झालेय. खोटा सांगितला होता."

रावजी मोठ्याने हसले. "हां हां. आज कोनाची नक्कल गो?"

तिने फोन घट्ट कानाला लावून धरला. हसणं हळूहळू ओसरलं. मग गिरणी बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बाय? खरा हाय का हा?"

"व्हय."



"मंग इतकं दिस येकटी काय करीत होतीस गो?"

"सगळ्यांना हसवत होते, आबा."

"थांब तितंच," रावजी म्हणाले. "येतो मी." आणि कोणत्या विषयात नापास झालीस, हे न विचारताच त्यांनी फोन ठेवला.