संयोगिताचा डावा खांदा

बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत संयोगितानं फुगेवाल्याचे सगळे फुगे फोडले, तेव्हा तो मल्हाररावांना हात जोडून आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाला, "सरी सार, स्वल्प पुढं जा आता."

सातवीतल्या लेकीचा हा पराक्रम पाहून मल्हारराव घाटग्यांची छाती भरून आली. घाटगे घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आलं, असं ते सांगत. गेल्या तीन पिढ्यांत घरातल्या कुणी फायलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. ते स्वतः पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. पण जयनगरच्या घरात टीव्हीच्या वर तलवार टांगलेली होती, आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडलं की त्यांचा हात दिवसभर मिशीवरून निघत नसे.

"रक्तातच आहे," ते बायकोला म्हणाले. मग एकदम थबकले. "पण मथुरा, पाहिलंस का? बंदूक डाव्या खांद्याला लावली होती तिनं."

"लिहितेही डाव्यानंच. आज कळलं होय तुम्हाला?"

"लिहिणं वेगळं. देवाला आणि शस्त्राला डावा हात चालत नाही."

पुढच्याच रविवारी त्यांनी लेकीला रायफल क्लबात नेलं. तिथं विठोजी मोरे मुलांना शिकवत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. मल्हाररावांनी अडचण सांगितली.

"फौजेत बंदूक उजव्या खांद्यालाच," विठोजी म्हणाले.

"का हो?" मथुरेनं विचारलं.

"नाहीतर रांग वाकडी दिसते."

क्लबात रांग नव्हती. तीनच मुलं होती, आणि त्यातलं एक शेंगा खात होतं. तरीही मल्हाररावांना हे उत्तर फार पटलं.

छर्ऱ्याची बंदूक उजव्या खांद्याला लागली. पण संयोगिताचा नेम डाव्या डोळ्याचा. त्या डोळ्यापुढं नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आणायची म्हणून ती पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वाकडी करी. विठोजींनी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. मग समोरचं काळं वर्तुळ डोशाएवढं पसरून धूसर झालं. घरी मल्हाररावांनी उजव्या हाताची तालीम सुरू केली. जेवायला, दात घासायला, देवाची घंटा वाजवायला, सगळीकडे उजवा. उजव्या खांद्याला रोज बदामाचं तेल. सांबार सांडायला लागलं, अक्षर बिघडलं, गणिताच्या बाईंची चिठ्ठी आली. मल्हारराव म्हणाले, हात वळतोय, खूण चांगली आहे.

संयोगिताचे छर्रे मात्र शेजारच्या भूमिकाच्या कागदावर जाऊन बसत. भूमिका साधी, घाबरट मुलगी. तिच्या कागदावर इतकी भोकं पडू लागली की विठोजींनी तिला क्लबातली सर्वांत होतकरू नेमबाज ठरवलं आणि तिच्या आईनं पेढे वाटले.

"मास्तर, उजव्या डोळ्यानं मला धुकं दिसतं," संयोगिता एकदा धीर करून म्हणाली.

"धुक्यातही शत्रू असतो," विठोजी म्हणाले.

"घाटगे तक्रार करत नसतात," मल्हारराव म्हणाले. दुधाच्या पिशव्या गळतात म्हणून ते दर आठवड्याला डेअरीला पत्र लिहीत.

शेवटी तिनं आईला सांगितलं की मी जाणार नाही. मथुरा म्हणाली, "नको जाऊस. पण तुझ्या अप्पांना तूच सांग. मी सांगायला गेले तर मला इतिहास ऐकावा लागेल." संयोगिता गेली, तर अप्पा शिंप्याकडून तिचं जाकीट घेऊन आलेले. पाठीवर लाल दोऱ्यानं 'घाटगे' भरलेलं. अप्पा त्यावरची सुरकुती तळव्यानं सारखी करत होते. तिनं सांगायचं तसंच ठेवून जाकीट अंगात घातलं.

उन्हाळ्यात शाळकरी मुलांची स्पर्धा आली. रेंजवर कडक नियम होता: नेमबाजी चालू असताना जो बोलेल, तो बाहेर. सरावाच्या छर्ऱ्यांतच संयोगिताचा कागद कोरा राहिला. तिनं मागं वळून पाहिलं. खुर्चीवर बसलेले अप्पा उजवा खांदा थोपटत होते. शेजारी विठोजीही तेच करत होते. तिनं बंदूक खाली ठेवली. डोळ्यावरचा रुमाल सोडून खिशात कोंबला. आणि बंदूक उचलून डाव्या खांद्याला लावली.

मल्हाररावांनी तोंड उघडलं. पंचानं ओठांवर बोट ठेवलं. तोंड मिटलं. विठोजींचा चेहरा वांग्यासारखा झाला, पण नियम त्यांनाही होता. बंदुकीचं लाकूड उजव्या गालासाठी कोरलेलं, ते डाव्या गालाला टोचत होतं. पण वर्तुळ स्वच्छ दिसत होतं, काळंभोर. किती दिवसांनी! ती त्या आनंदातच घोडा दाबत गेली. मागं दोन मोठी माणसं बुडबुड्यांसारखी फुगत बसली होती आणि तिला कुणीही काही सांगू शकत नव्हतं. तिला ती शांतता फार आवडली.

ती दुसरी आली. भूमिका शेवटून दुसरी.

बाहेर पडताच मल्हाररावांनी मोठा श्वास घेतला. संयोगितानं मान खाली घातली. पण तेवढ्यात वर्तमानपत्राचा माणूस समोर आला आणि अप्पांचं तोंड भलत्याच दिशेला वळलं.

"आमच्या घराण्यात सगळे डावखुरेच," ते म्हणाले. "म्हणून तर शत्रूला अंदाज यायचा नाही. डावपेच हा शब्द उगाच आलाय?"

"शेवटपर्यंत डावा हात राखून ठेवायचा, हे मीच शिकवलं," विठोजी म्हणाले.

समाजाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल घेताना संयोगितानं डावा हात पुढं केला, तेव्हा टाळ्या पडल्या. घरी मथुरा म्हणाली, "आता तरी पोरीला सुखानं जेवू द्या." मल्हारराव ऐकायला रिकामे नव्हते. ते डाव्या हातानं सही करायला शिकत होते.

त्यानंतरच्या रविवारी संयोगिता क्लबात गेली, तर सगळ्या मुलांच्या डाव्या खांद्याला बंदुका. विठोजी मागून ओरडत फिरत होते. कोपऱ्यात भूमिका उभी होती, उजव्या डोळ्यावर रुमाल, मान वाकडी, गालावरून पाणी.

संयोगिता तिच्याजवळ गेली आणि रुमालाची गाठ सोडू लागली.

"मास्तर रागावतील," भूमिका म्हणाली.

"रागावू देत. समोर बघ. तुला कुठल्या डोळ्यानं नीट दिसतं?"

भूमिकानं एक डोळा मिटला, मग दुसरा. तिला वेळ लागला. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.